हळू मारलेला चेंडू

डोळा मिटलेला ड्रिलमास्तरांना खपत नसे. नवा मुलगा तुकडीत आला की ते त्याला समोर उभा करत आणि त्याच्या नाकासमोरून वाकडा दांडू सपकन फिरवत. पापणी हलली की मैदानाला एक फेरी. मी शाळेत नवा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांनी मलाही सोडलं नाही. माझ्या तीन फेऱ्या झाल्या. चौथी त्यांनी 'शिकलेल्या माणसाले माफ' म्हणून रद्द केली आणि पोरं पोट धरून हसली.

तरुणपणी मास्तर असीरगडावरच्या गोऱ्या पलटणीत पाणी भरायला होते. पलटण आयर्लंडची. ते शिपाई संध्याकाळी आपल्या मुलखातले दोन खेळ खेळत. एक हर्लिंग. त्यात वाकड्या तोंडाचा दांडू आणि मुठीएवढा चेंडू, तो हवेतल्या हवेत टोलवायचा. दुसरा गेलिक फुटबॉल. त्यातला चेंडू मोठा, पायानं मारायचा आणि हातात घेऊन चार पावलं पळायचंही. मैदान तेच, खांब तेच. पलटण निघून गेली, आणि मास्तरांनी हे दोन्ही खेळ भरली घागर उतरवावी तसे जपून खाली बुऱ्हाणपुरात आणले. राजघाटाच्या वरच्या माळावर आमची पोरं ते खेळत. एकाला आम्ही दांडू म्हणत असू, दुसऱ्याला नुसतं फुटबॉल.

दांडूसाठी ते जवळच्या निंबोला गावच्या बांधाबांधांवरून बाभळी बघत हिंडत. फांदी जन्मतःच वाकलेली हवी, हा त्यांचा हट्ट. सुतारानं सरळ लाकूड कापून वाकडा दांडू करून दिला तर परत करत. "हे पहिल्याच फटक्यात मोडते भाऊ. झाडानं वाकवलेलं असलं तरच टिकते." चेंडूच्या पोटात मोमिन विणकरांच्या मागावरचं टाकाऊ सूत आणि वर चांभारानं शिवलेलं चामडं. मोठा चेंडू मात्र बाजारातून येई. त्याबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं.

माळावरून परतताना आमचा रोज वाद. मी फुटबॉलच्या बाजूचा. मी म्हणायचो, "मास्तर, बघणाऱ्याला निदान चेंडू दिसला पाहिजे." आमच्या गावचे एक कापसाचे शेठजी दांडू बघायला यायचे ते ऊन उतरल्यावरही छत्री उघडून, तीही आडवी धरून, आणि सगळा खेळ छत्रीमागून बघायचे. फुटबॉलला तेच शेठजी ऐसपैस बसून शेंगा खात. मास्तर म्हणत, "शेठजीच्या शेंगांसाठी खेळ नसते ना. बघायले काय, तमाशाही चांगला. खेळायचं म्हणाल तर फुटबॉलमधी समोरचा दांडगा असला की तुम्ही हारता. दांडूत तसं नाही. तुम्ही भ्याले तरच हारता." तरी मी वाद सोडत नसे.

मग एके वर्षी ते माझ्या बाजूचे झाले. "बघायले फुटबॉलच बरा हो भाऊ," असं आपणहून म्हणाले. आठवड्यातले चार दिवस फुटबॉल होऊ लागला. मी मूर्ख, मला वाटलं आपण वादात जिंकलो. दोन दिवस मी खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी दांडूचा खेळ होता. चेंडू झुडपात गेला. सगळी पोरं मान वळवून तिकडे बघू लागली, आणि मास्तरांनीही त्याच बाजूला हात केला, पण क्षणभर उशिरा. मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस चेंडू बघतच नाही. तो पोरांच्या माना बघतो. जिकडे माना वळतील तिकडे धावतो आणि शिट्टी मारतो.

वाटेत विचारलं तर त्यांनी लपवलं नाही. "मोतिबिंदू. एक डोळा त्या घाटावरच्या फिरत्या वैदाले दिला, तो गेलाच. हा दुसरा आता कोणाले देत नाही." थोडं चालून म्हणाले, "हेडमास्तरले सांगू नका. दुसरं मले काय येते?" मी नाही सांगितलं. पण पोरांना सांगावं लागलं नाही. ज्यांच्या माना ते बघत होते त्यांना ते केव्हाच कळलं होतं.

तेवढ्यात शाळा तपासायला नागपूरहून इन्स्पेक्टर येणार असं ठरलं. हेडमास्तर म्हणाले, "फुटबॉल काय, कोणतीही शाळा दाखवेल. आपण दांडू दाखवू, आणि पंच ड्रिलमास्तर." मास्तर माझ्याकडे बघून नुसतं "बराय" म्हणाले. मला काही सुचेना. शेवटी पोरांशी बोलून मी चांभाराकडे गेलो आणि नव्या चेंडूच्या सुतात एक घुंगरू बसवून घेतलं. मला वाटलं, केवढी अक्कल लढवली.

खेळ सुरू झाला. पहिल्याच टोल्याला घुंगरू वाजलं आणि मास्तर जागच्या जागी थांबले. त्यांनी चेंडू मागून घेतला, कानाशी हलवला, परत दिला आणि शिट्टी मारली. पुढचा सगळा वेळ त्यांनी एकही चूक केली नाही. साहेबांनी पाठ थोपटली, हेडमास्तर फुगले, आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

माळ रिकामा झाल्यावर ते माझ्याजवळ आले. "पोरायले मालूम होतं?"

"हो."

"सगळ्यायले?"

"हो, मास्तर."

"घुंगराचं काही नाही. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. पण पोरं हळू मारत होते, भाऊ. एकानंही चेंडू उचलून मारला नाही. मले लागेल म्हणून सगळे जमिनीवरून सरकवत होते. त्या साहेबाले काय समजते. मले ऐकू येत होतं ना." गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मी खूप बोललो, काय बोललो ते आता आठवत नाही. त्याच आठवड्यात ते देडतलाईला बहिणीकडे राहायला गेले.

दांडूचा खेळ मी चालू ठेवायचा प्रयत्न केला. जोरात मारा म्हणून ओरडलो. पण पोरांच्या हाताला त्या दिवसापासून काहीतरी झालं होतं. एकमेकांना जपून खेळायची सवय लागली, आणि जपून खेळायचा तो खेळच नव्हे. पावसाळ्याच्या आत दांडू शाळेच्या खोलीत जाऊन पडले. पोरं फुटबॉल खेळू लागली. शेठजींनी छत्री घरी ठेवली.

दिवाळीत मी देडतलाईला गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. बहिणीनं ताक आणून दिलं. बाकीच्यांची चौकशी झाल्यावर त्यांनी विचारलं, "दांडू चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हणालो.

"आता जोरानं मारतेत?"

"खूप जोरानं. परवा एकाचा दात पडला."

मास्तर हसले. असं हसताना मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. "मंग बरं झालं मी निघून आलो," ते म्हणाले.

मी ताक संपवलं आणि गाडी जुंपायला सांगितली.