एका हाताची नोकरी

शिंदखेड्याच्या स्टेशनाबाहेर आबांनी बैलगाडी थांबवली, पण ते खाली उतरले नाहीत. कासरा हातात धरून समोर बघत बसून राहिले. माझी पत्र्याची पेटी धाकट्या भावानं, भिलानं, उतरवली. मी पाया पडायला वाकलो तेव्हा आबांनी पाय मागे घेतले नाहीत, आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. एवढंच म्हणाले, "एक हात तठे लढाईमा टाकी उना, आते दुसरा बी टाकी ये."

पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा असं नव्हतं. लढाई सुरू व्हायच्या आधी मी पल्टनीत भरती झालो, तेव्हा बुराई नदीपर्यंत डफ वाजवत गाव आलं होतं. पाटलांनी माझ्या गळ्यात हार घातला होता. आबांनी त्या दिवशी ठेवणीतला फेटा बांधला होता. या दुसऱ्या वेळी माय घरीच थांबली. तिनं ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून दिला, आणि गाठ मुद्दाम सैल ठेवली, मला एका हातानं सोडता यावी म्हणून. माझी बायको जिजा दारात उभी होती. "मी बी येस संगे," ती म्हणाली. मी म्हणालो, आधी मला बघू दे. स्टेशनात गाडी आली, मी चढलो. डब्यातून वळून बघितलं की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक नसेल बघितलं.

हे मी आता का लिहितो आहे? तुम्ही माझे गावकरी, तुमच्यातले बरेच जण गावातच राहिले. बरेच जण सुरतेला, मुंबईला गिरण्यांत गेले. गावात गेलो की सगळेच मला पल्टनीतला दौलत म्हणतात. मी पल्टनीत होतो हे खरं. पण जितकी वर्षं तुम्ही समजता तितकी नव्हतो. आबा गेले, माय गेली. आता खरं सांगायला हरकत नाही.

माझा डावा हात मनगटापासून गेला तो मेसोपोटेमियात. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खंदक होता, आवाज झाला, मी पडलो. नंतर बोटीत आणि मग मुंबईच्या लष्करी इस्पितळात बरेच महिने गेले. तिथं माझ्या शेजारच्या खाटेवर शंकर मोरे होता, साताऱ्याकडचा. त्याला फ्रान्समध्ये थंडीनं धरलं होतं. दोन्ही पायांची बोटं काढून टाकली होती. तो चालायचा तेव्हा तापलेल्या वाळूवरून चालल्यासारखा दिसायचा.

इस्पितळाच्या मागं मोकळी जागा होती. बरे होत आलेले लोक तिथं क्रिकेट खेळायचे. मला तो खेळ येत होता. भरती झाल्यावर छावणीत साहेब लोकांना सरावाला चेंडू टाकायला आम्हा शिपायांना लावायचे, आणि माझा चेंडू चांगला पडतो म्हणून मलाच जास्त बोलवायचे. इस्पितळात मी सहज दोन-चार चेंडू टाकले. उजवा हात तसाच चालत होता, जणू बाजूच्या हाताचं काय झालं ते त्याला कुणी कळवलंच नव्हतं. एक अधिकारी खांद्याला पट्टा बांधून बघत बसला होता. तो म्हणाला, पुण्याला छावणीजवळ एक जिमखाना आहे, ते पगारावर गोलंदाज ठेवतात, मी चिठ्ठी देतो. मी ती चिठ्ठी घेतली आणि घरी आलो.

घरी मी वर्षभर राहिलो. मला वाटलं होतं, शेत आहे, काहीतरी करता येईल. पण शेतात सगळ्याच गोष्टींना गाठ असते. जू बांधायचं, मोट जोडायची, कापसाचं गाठोडं आवळायचं. मी दातांनी दोरी धरून ओढायचो. आबा लांबून बघायचे, जवळ यायचे, न बोलता गाठ मारून निघून जायचे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एका दुपारी मी त्यांना जिमखान्याची गोष्ट सांगितली. ते भाकर खात होते. घास तसाच हातात राहिला.

"चेंडू फेकाना बी पगार देतस का रे कोनी?"

"देतस आबा."

"कसाले?"

मी पेटीतून चिठ्ठी काढून त्यांच्यापुढं ठेवली.

जळगावला गाडी बदलली. तिथं एका बाईकडून केळी घेतली. माझ्या खाकी कोटाकडे बघून तिनं दोन जास्त दिली, मग बाहीच्या रिकाम्या टोकाकडे बघून आणखी दोन. मला नको होती, पण परत कशी द्यायची ते कळेना. मनमाड, दौंड करत पुण्याला पोचलो.

जिमखान्यात शंकर माझ्या आधीच येऊन बसला होता. त्यालाही चिठ्ठी मिळाली होती, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघांनी मैदानामागच्या चाळीत खोली घेतली. काम सोपं होतं. सकाळ-संध्याकाळ नेटमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीसमोर उभं राहायचं, आणि सभासद येतील तसे त्यांना चेंडू टाकायचे. ते मारायचे, आम्ही उचलायचो, परत टाकायचो. मी वेगानं टाकायचो, शंकर उभ्यानं, हळू, वळवून. माझ्या बुटांच्या नाड्या तो बांधायचा. लांब गेलेला चेंडू मी आणायचो.

पण शंकरला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. जिमखान्याच्या संघात दोन-तीन पगारी खेळाडू सामन्यांत खेळायचे. त्यांचं नाव फळ्यावर लागायचं, त्यांना बाहेरगावी न्यायचे. शंकर म्हणायचा, "दौलत, नेटातला माणूस म्हणजे नुसतं यंत्र. सामना खेळला तर खेळाडू. माझं नाही जमायचं, मला पळता येत नाही. तुझं जमेल." मी म्हणायचो, झेल आला तर? बॅट कशी धरू? तो म्हणायचा, "ते बघू." रोज नेट संपल्यावर तो मला एका हातानं झेल घ्यायला लावायचा. चेंडू छातीवर आदळून निळे डाग पडायचे. मला त्या सामन्यांची फार ओढ होती असं नाही. लढाईनंतर मला कशाचीच फार ओढ वाटत नव्हती. पण शंकरला होती, आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

जिजा आली ती एका हिवाळ्यात. तोवर शंकरनं शेजारची खोली घेतली होती. जिजाला पुण्याची भाषा कळायची, बोलता यायची नाही. भाजीवालीला ती विचारायची, "हाई काय भाव शे?" आणि बायका हसायच्या. काही महिन्यांनी ती बाहेर पुण्यासारखं बोलायला लागली, घरात मात्र खानदेशीच.

मग मुंबईहून एक मोठा संघ आला. आमच्यातला एक गोलंदाज तापानं पडला. सकाळी सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावलं. शंकरनं माझ्या नाड्या बांधल्या, दोनदा सोडून पुन्हा बांधल्या.

त्या दिवशी चेंडू हवा तिथं पडत होता. दुपारपर्यंत त्यांचे निम्म्याहून जास्त गडी बाद झाले, त्यातले बहुतेक माझ्या चेंडूवर. एक झेलही आला, सरळ अंगावर. मी तो छाती आणि उजव्या हातामध्ये दाबून धरला. लोक उभे राहिले. मंडपातून मडमा टाळ्या वाजवत होत्या. मला त्या टाळ्या लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारख्या ऐकू येत होत्या. संध्याकाळी कप्तानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत काहीतरी चांगलं बोलला.

मी मंडपामागं आलो तर शंकर तिथं उभा होता. त्याच्या हातात तार होती.

"आबा गेले तुझे," तो म्हणाला.

"कधी आली?"

"सकाळी. तू पहिलाच चेंडू टाकत होतास. कारकुनानं वाचून दाखवली. मीच म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा." मग म्हणाला, "गाडी रात्रीचीच आहे, दौलत. सकाळी सांगून काय केलं असतंस?"

त्याला वाटलं, मी मारीन त्याला. तो तसाच उभा राहिला, मार घ्यायला तयार. मी खाली बसलो आणि पाय पुढं केले. त्यानं नाड्या सोडल्या. मग मी जिजाला सांगायला गेलो. ती रडली. मी तिच्या शेजारी बसून भिंतीकडे बघत होतो.

गावी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अग्नी भिलानं दिला होता. ओट्यावर माणसं बसली होती. गावचे पाटील माझ्याजवळ सरकले आणि म्हणाले, "सुट्टी दिनी का साहेबनी? पल्टनमा लवकर देतस नही." मला कळेना. दुसरे एक म्हातारे म्हणाले, "हात गया तरी सरकारनी ठेवं. बाप सांगे ना, मना दौलत आते शिपाईसले शिकाडस."

मी भिलाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

आत गेल्यावर मायनं सांगितलं. माझी मनिऑर्डर आली की आबा शिंदखेड्याच्या बाजारात सांगायचे, पोऱ्या पल्टनमध्येच आहे, पुण्याला. चेंडूचं नाव त्यांनी कुणापुढं काढलं नव्हतं. "त्यासले लाज वाटे का?" मी विचारलं. माय म्हणाली, "लाज नही रे. त्यासले सांगताच येये नही, तू काय करस ते."

बाहेर येऊन मी पाटलांना म्हणालो, हो, साहेबानं सुट्टी दिली. शिपायांना काय शिकवतोस, असं कुणी विचारलं, तेव्हा म्हणालो, नेम. ते सगळ्यांना पटलं. पुढं जेव्हा जेव्हा गावी आलो, तेव्हा तेच सांगत राहिलो. तुम्ही मला पल्टनीतला म्हणता ते तेव्हापासून.

मी त्यानंतर बरीच वर्षं सामने खेळलो. सोलापूर, इंदूर, मुंबई. फळ्यावर नाव लागलं. बॅट घेऊन शेवटी यायचो आणि लवकर परत जायचो, त्याबद्दल कुणी काही म्हणत नसे. मग खांदा दुखावला, वेग गेला, आणि मी पुन्हा नेटात आलो. शंकरला मैदानावर रूळ फिरवायच्या कामावर टाकलं होतं. एका उन्हाळ्यात तो साताऱ्याला गेला आणि आला नाही. मी त्याला पत्र लिहीन म्हणत होतो. लिहिलं नाही. माझा त्याच्यावर राग नव्हता. राग असता तर कदाचित लिहिलं असतं.

माय म्हातारपणी माझ्याकडे आली. भिलाच्या मुलाच्या लग्नानंतर, थोडे दिवस म्हणून आली आणि राहिली. एका सकाळी म्हणाली, तुझं काम दाखव. मी तिला मैदानावर नेलं, झाडाखाली खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही, खाली गवतावर बसली, पदर डोक्यावरून पुढं ओढून. तेव्हा मी तरुण पोरांना सरावाला चेंडू टाकायचो. आता साहेब कमी झाले होते, आपलेच लोक जास्त. तासभर ती बघत होती. काम संपल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"रोज हाईच करस?"

"रोज हाईच, माय."

"तू फेकस, त्या मारतस. मंग परत फेकस."

"हां."

ती विचार करत होती. समोर माळी पाणी मारत होता.

"यामा कोनी मरस का?"

"नही माय. कोनी मरत नही."

"मंग चांगलं शे," ती म्हणाली, आणि उठायला मला हात मागितला.

माझ्या त्या नोकरीबद्दल इतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी खोलीत बसून रडलो. आबा गेले त्याचं ते रडणं असावं. जिजानं दिवा लावला आणि भाकरी थापायला बसली.

माय पुण्यातच वारली. अस्थी तापीत सोडल्या, भिला बरोबर होता. परत येताना त्यानं विचारलं, "दादा, आते गावले येशी ना राहाले? वरली खोली मोकयी शे." तो मनापासून विचारत होता. मी म्हणालो, बघू.

आता सरकार बदललं. जिमखान्याचा झेंडा बदलला, पाट्या बदलतील म्हणतात. मला ठेवतील की नाही माहीत नाही. गावी आलो तर तुम्ही मला नेमाबद्दल विचाराल आणि मी सांगेन, तेही मला जमतं. आमची मुलं इथंच जन्मली, इथंच वाढली. त्यांना खानदेशी कळते, पण उत्तर पुण्याच्या भाषेत देतात. घरात ती भाषा आता मी आणि जिजा दोघंच बोलतो. परवा ती चुलीपासून ओरडली, "या ना, जेवाले वाढं शे, भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी." मी पाट ओढून तिच्यासमोर बसलो. आम्ही जेवलो.