आईला ताप आला नाही

लशीचा दुसरा डोस घेऊन आलो त्या संध्याकाळी मला हुडहुडी भरली आणि मी मनातून खूश झालो. अंगावर दोन पांघरुणं, दात वाजतायत, बायको तापाची गोळी आणि पाणी घेऊन उभी, आणि मी तिला सांगतोय, बरं झालं, लागली एकदाची. तिचा स्वतःचा नुसता दंड दुखत होता. आमच्याच बरोबर लस घेतलेली माझी आई मात्र स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. तिला ताप नाही, कणकण नाही, दंडसुद्धा दुखत नव्हता. टोचलं तेव्हा कळलंही नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझा ताप चढला तेव्हा मी पडल्या पडल्या तिला हाक मारून दोनदा विचारलं, तुला काही होतंय का? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती वैतागली. काही होत नाहीये याचीही आता माफी मागू का, म्हणाली.

माझी ही खोड का आहे ते सांगायला हवं. मी इकडे आखातात, मीना अल-अहमदीच्या तेलाच्या रिफायनरीत सेफ्टीचं काम करतो. तिथे आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या छातीवर गॅस ओळखणारं एक छोटं यंत्र लावलेलं असतं. रोज सकाळी शिफ्टच्या आधी त्या प्रत्येक यंत्राला आम्ही चाचणीच्या गॅसचा एक फुंकारा देतो. यंत्र किंचाळलं, तर ते जिवंत. गप्प राहिलं, तर त्याला लाल टॅग लावून बाजूला ठेवायचं, मग ते कितीही नवं असो. गप्प यंत्र घेऊन आत गेलेला माणूस बाहेर येईलच असं नाही. अठरा वर्षं हेच केल्यावर डोकं त्याच वळणाने चालतं. घरातही मी कुकरची शिट्टी मोजतो, गॅसचा नळ दोनदा बघतो. बायको मला चिडवते, पाणी पिऊ का, परमिट मिळेल का?

तर माझ्या हिशेबी लस म्हणजे तो फुंकारा होता. माझं शरीर किंचाळलं. आईचं गप्प राहिलं.

वडील गेल्यावर आई दापोलीहून आमच्याकडे आली होती. तीन महिने राहून परत जायचं ठरलं होतं, पण विमानं बंद झाली आणि ती फिंतासच्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडकली. तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मी माझ्या नावावर करून घेतला. चाळिशीपासून तिला दमा आहे. तिकडे शेजारी आहेत, अंगण आहे, तिला ओळखणारे डॉक्टर आहेत. तिथून तिला इथे मी आणलं होतं, नको नको म्हणत असताना. म्हणून तिला काही झालं तर ते माझ्यामुळे होणार, हा विचार माझ्या डोक्यातून हलायला तयार नव्हता. रोज सकाळी तिच्या खोकल्याचा आवाज आला की मी चहाचा कप खाली ठेवून कान द्यायचो.

त्यातच तिने स्वतःच माझ्या शंकेला खतपाणी घातलं. तिच्या लहानपणी गावात देवी काढायला माणूस यायचा. आठ दिवसांनी तोच माणूस परत येऊन पोरांच्या बाह्या वर करून बघायचा. फोड उठला असेल तर ठीक, नाहीतर पुन्हा टोचायचा. तिच्या दंडावरचा वण दुसऱ्या वेळचा आहे, कारण पहिल्या वेळी काहीच उठलं नव्हतं. हे सगळं ती गंमत म्हणून सांगत होती. मी मात्र ऐकून गार पडलो. म्हणजे हिच्या अंगाला लस एका फटक्यात लागत नाही, आणि ते सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे!

मी जाब्रियाच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आपल्याकडचेच, नागपूरचे. त्यांनी शांतपणे समजावलं की देवीची लस वेगळी, ही वेगळी. ताप आला म्हणजे लस लागली आणि नाही आला म्हणजे फुकट गेली, असं नसतं. वयस्कर माणसांना त्रास उलट कमीच होतो. आईंना नेहमीसारखं राहू द्या, जशी काळजी घेताय तशी सगळेच घेत राहा, म्हणाले. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ठरवलं की ते मला धीर देतायत. माणूस घाबरलेला असला की डॉक्टर असंच बोलतात.

त्याच आठवड्यात आमच्या युनिटमधला एक केरळचा वेल्डर कोविडने इस्पितळात गेला. जेवणाच्या सुट्टीत चर्चा झाली, त्याला लशीनंतर काहीच झालं नव्हतं म्हणे. मला हेच ऐकायचं होतं. लशीनंतर दोन दिवस तापाने फणफणून निघालेला आणि तरीही पुढे कोविड झालेला एक फोरमन माझ्याच शिफ्टमध्ये होता. तो बरा होऊन माझ्या समोरच्या बाकावर बसून डबा खात होता. त्याला मी सोयीस्कर विसरलो.

घरी येऊन मी नियम केले. आईने आपल्या खोलीत राहायचं. मुलगी नऊ वर्षांची, तिला लसच नाही, म्हणून तिने आजीच्या खोलीत जायचं नाही. बायकोचा फक्त दंड दुखला होता, म्हणजे अर्धवट, म्हणून तिनेही आत जायचं नाही. आईला बाथरूमला किंवा बाल्कनीत जायचं असेल तेव्हा तिने आतून दारावर तीनदा टकटक करायची, आम्ही पॅसेजमधून बाजूला व्हायचं, मग तिने बाहेर यायचं. आणि तिचं ताट घेऊन आत जाईन तो फक्त मी. माझी चाचणी झाली होती ना.

"तुझं यंत्र कोण तपासणार?" बायकोने विचारलं. ती एकदाच म्हणाली आणि लॅपटॉप उघडून कामाला लागली. मला तो नुसता टोमणा वाटला.

मुलगी जास्त हट्टी निघाली. बट आजी इज नॉट सिक, असं ती रोज म्हणायची. मग दाराबाहेर गादी टाकून बसायची आणि दोघी दाराआडून गप्पा मारायच्या. आजी मराठीत गोष्ट सांगायची, ही इंग्रजीत प्रश्न विचारायची. मधूनच आतून टकटक व्हायची, ही गादी उचलून पळायची, आजी बाहेर येऊन जायची, दार लागलं की गादी परत जागेवर. मी हे बघून समाधानाने मान हलवत असे. पद्धत बसली होती.

सहा आठवडे असे गेले. दुपारी सुट्टी असेल तेव्हा आणि रोज संध्याकाळी मी ताट घेऊन आत जायचो, मास्क काढून तिच्या पलंगावर बसायचो आणि ती जेवेपर्यंत बोलत राहायचो. तेवढीच तिला सोबत, असं मला वाटायचं. कामावर शेकडो लोकांच्या मध्ये फिरणारा मी. ती जेवताना मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचो. शिट्टी वाजतेय का, दम लागतोय का. रात्रीपर्यंत तोच आवाज कानात राहायचा.

एका शुक्रवारी दुपारी मी आमटीभात आणि तळलेली सुरमई घेऊन आत गेलो. आईने पहिला घास घेतला आणि हसली.

"आमटी करपलीय रे. घरभर वास सुटलाय, तुला आला नाही?"

मी वाटी नाकाशी नेली. काही नाही. मासा नाकाशी नेला. काही नाही. तिच्या उशाशी बामची बाटली होती, ती उघडून अगदी नाकाला लावली. डोळ्यांत झणझणलं, पाणी आलं, पण वास शून्य. आई घास हातात धरून माझ्याकडे बघत होती. आमच्या दोघांत हातभराचंही अंतर नव्हतं, आणि सहा आठवडे ते तेवढंच होतं. ज्या माणसाला तिच्यापासून लांब ठेवायचं, त्या एकट्यालाच मी तिच्या खोलीत सोडलं होतं.

मी उठलो आणि भिंतीला पाठ लावून दाराकडे सरकलो. खोटं कशाला सांगू, आईच्या समोरच मला रडू आलं.

माझी तपासणी पॉझिटिव्ह आली. दुसऱ्या दिवशी तिची. बायको निगेटिव्ह, मुलगीही. अर्धवट लस लागलेली म्हणून जिला मी आत जाऊ दिलं नव्हतं तीच आता मास्क आणि हातमोजे घालून दोन खोल्यांमध्ये ताटं पोचवत होती. तिने मला एका शब्दाने ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचे दहा दिवस मी भिंतीला कान लावून काढले. आईची खोली पलीकडेच. ती खोकली की मी मोजायचो, खोकायची थांबली की जास्त घाबरायचो. बायको तासातासाला तिच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावून आकडा फोनवर कळवायची. शहाण्णव. पंच्याण्णव. पुन्हा पंच्याण्णव. पाचव्या दिवशी दुपारी त्र्याण्णव आला. डॉक्टर म्हणाले, पालथं झोपवा, अर्ध्या तासाने परत बघा, त्याखाली गेलं तर थांबू नका, घेऊन या. मी कपडे घालून, गाडीची किल्ली मुठीत धरून पलंगाच्या कडेवर बसलो. स्वतःला ताप आहे हेही विसरलो होतो. तो अर्धा तास मी देवाशी काय काय बोललो ते मला कोणालाही सांगता येणार नाही. मग फोन वाजला. चौऱ्याण्णव. संध्याकाळी पंच्याण्णव.

ती बरी झाली. माझ्याआधी झाली. लशीमुळे, की तिच्या चिवटपणामुळे, की नशिबाने, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, लशीने तिचं काम केलं असणार. मी या वेळी त्यांचं ऐकलं, आणि माझ्या तापावरून आणि तिच्या न आलेल्या तापावरून पुन्हा काही ठरवायचं नाही असं स्वतःला बजावलं.

दार उघडलं त्या दिवशी मी तिची माफी मागायला गेलो. कशी मागायची ते कळेना, म्हणून नुसताच समोर उभा राहिलो. ती मुलीचे केस विंचरत होती, सहा आठवडे आणि वर दहा दिवसांनी.

"मला डॉक्टरांचं पटलं होतं," ती केसांतली गुंत सोडवत म्हणाली. "पण तुला झोप लागत नव्हती. मी आत राहिले की तू निवांत झोपायचास. म्हणून राहिले."

विमानं सुरू झाल्यावर ती दापोलीला गेली. पुढच्या वर्षी आम्ही सुट्टीवर गेलो तेव्हा सगळं पूर्वीसारखं होतं. कोकमाचं सरबत, अंगणात वाळत घातलेली आमसुलं, शेजारच्या काकूंची चौकशी. दुपारी आई आपल्या खोलीत आडवी झाली होती. मी बाहेर पडवीत खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. घरात आम्ही दोघंच, बायको आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या.

आतून दारावर टकटक झाली. तीनदा.

मी पेपर ठेवला, उठलो आणि मुकाट्याने अंगणात जाऊन उभा राहिलो. मग दार उघडलं आणि आई तिच्या स्वतःच्या घरात, कोणी वाटेत नाही ना ते बघत, बाहेर आली.