तिसऱ्या गाण्यातला ड्रम

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. ब्रेक तपासून खाली उतरले तरी पुन्हा वर चढून बघणारा माणूस. घरात दूधसुद्धा हुंगल्याशिवाय तापवणार नाहीत. तरुणपणी ते एका हेवी मेटल रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. बँड मोडून अकरा वर्षं झाली होती. गेल्या वर्षी गिटारवाल्याने सगळ्यांना गोळा केलं आणि नवा अल्बम ठरला: गिटारचे तेच दणके, जोडीला कॉम्प्युटरचे आवाज. आमच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून भाऊजींनी आठ महिने सराव केला, अधूनमधून स्टुडिओत जाऊन गाणी वाजवून दिली.

अल्बम आला तेव्हा आम्ही जेवत होतो. तिसरं गाणं लागलं आणि त्यांनी घास खाली ठेवला. "वहिनी, हा मी नाही."

लिफ्टच्या खड्ड्यात पडल्यापासून त्यांचा उजवा पाय ड्रमच्या पेडलवर किंचित उशिरा पडतो. भिंतीपलीकडून ऐकून मलाही तो उशीर ओळखू येतो. या गाण्यात तो कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिटारवाला आला. त्याचं म्हणणं, वाजवलंय यांनीच, कॉम्प्युटरवर फक्त थोडं सरळ केलं, हल्ली सगळेच करतात. कधी वाजवलं, असं मी विचारल्यावर बेधडक म्हणाला, चौदा मार्चला, दुपारी. भाऊजी गोंधळले, आपणच विसरलो असू, असं त्यांना वाटू लागलं. मी माझी रोजची डायरी आणून चौदा मार्च वाचून दाखवला: हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली, भाऊजी सकाळी आठला गेले, संध्याकाळी सातला आले, न जेवता झोपले.

गिटारवाल्याने चहाचा कप खाली ठेवला.

"तुझा पाय त्या वेगाला पोचणार नाही असं वाटलं. म्हणून तुला विचारलंच नाही."

"नसता पोचला तर मीच सांगितलं असतं. तोंड आहे मला."

"वाईट वाटलं असतं तुला."

"मग आता बरं वाटतंय का?"

भाऊजींनी सांगितलं, इंटरनेटवरच्या यादीत त्या गाण्यापुढचं माझं नाव काढून 'मशीन' लिही, तरच शनिवारी अल्बमच्या कार्यक्रमाला येईन. त्याने मान हलवली. पण समोर बसून फोनवरून बदल करेपर्यंत त्यांनी त्याला दाराबाहेर सोडलं नाही.

शनिवारी ते गाणं त्यांना स्वतःच वाजवायचं होतं. गिटारवाला गेला त्याच संध्याकाळपासून मागच्या खोलीत सराव सुरू झाला, आधी सावकाश, मग जोरात. मधेच दार उघडून त्यांनी विचारलं, "वहिनी, पोचतोय का पाय?"

"अजून नाही," मी म्हटलं.

बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही, असा तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. दार लावून ते पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागले.