लेप लावलेली होडी

माझा भाऊ मुंबईला एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. सुट्टीला घरी आला की त्याच्या बोटांच्या पेरांत कुठला ना कुठला रंग सुकलेला असायचा आणि आई ताट वाढताना ते बघून तोंड वाकडं करायची. आमचं घर कोल्हापूरला, मंगळवार पेठेत. वडील हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "तुला कसं कळलं?" ते रागानं विचारत नसत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. पण माझ्या भावाला लहानपणापासून तो प्रश्न थपडेसारखा लागत आला होता.

सत्तर सालाच्या पुढेमागे माझं लग्न झालं आणि मी शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात आले. नवरा साखर कारखान्याच्या ऑफिसात होता. थोरले दीर शेती बघायचे, पण त्यांचा जीव होडीत. पावसाळा ओसरला की नदीवर शर्यती व्हायच्या. लांब, अरुंद होड्या, दोन्ही अंगाला वल्ही मारणारी तरणी माणसं आणि मागं सुकाणूवर एकजण. आमच्या गावच्या होडीचं सुकाणू दिरांच्या हातात असे. गावाला कैक वर्षांत जिंकणं माहीत नव्हतं. शर्यतीचा विषय निघाला की दीर भाकरी अर्धी टाकून उठायचे.

एका उन्हाळ्यात भाऊ मला भेटायला आला तो पत्र्याचे दोन मोठे डबे घेऊन. कारखान्यात त्यानं आणि त्याच्या साहेबानं मिळून एक लेप तयार केला होता. होडीच्या बुडाला लावला की पाणी तिला अडवत नाही, होडी नुसती सरकत जाते, असं तो म्हणाला. त्यानं एका फळीवर तो लावून आणला होता. दिरांनी त्यावर ओलं बोट फिरवलं आणि हसले.

"लोण्यागत हाय की रं पावणं!"

"पाण्यालाही तसाच लागतो," भाऊ म्हणाला.

होडी ओढून वाळूत पालथी घातली. आधी तिच्या बुडाचं जुनं डांबर आणि वाळलेलं शेवाळ खरवडून काढलं, फटी बुजवल्या, मग लेपाचे हात दिले. दिरांना एवढा हुरूप आला की त्यांनी वल्हीही नवी करून घेतली आणि माणसांना सरावाला उतरवलं. गावात दुसरा विषय राहिला नाही.

शर्यत बघायला आप्पा कोल्हापूरहून आले. घाटावर माणूस मावत नव्हतं. आमची होडी पहिली आली, तीही चांगली लांबवर पुढं राहून. दिरांना लोकांनी खांद्यावर घेतलं आणि त्यांनी माझ्या भावाला वर ओढून घेतलं. त्याला इतकं मोकळं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला सगळे पंगतीत बसले होते. भावानं आप्पांकडं बघून विचारलं, "आता तरी पटलं?"

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आज तरी ते नुसती मान हलवतील. पण तो त्यांचा स्वभावच नव्हता.

"होडी छान गेली," ते म्हणाले. "पण शेवाळ खरवडलंत, फटी बुजवल्यात, वल्ही नवी केलीत, माणसांनी सराव केला. यातल्या कशानं जिंकलो, ते कसं सांगणार?"

"लेपानं की, गुरुजी!" दीर म्हणाले. "हात लावून बघा तुम्ही."

"हाताला गुळगुळीत लागतं म्हणून पाण्यालाही लागतं, असं नसतं. होडीच्या अंगाला पाण्याचा एक पातळ पापुद्रा चिकटून असतो, तो तिच्याबरोबरच जातो. बाकीचं पाणी त्या पापुद्र्यावर घासतं. मग खाली डांबर आहे की लेप, ते त्या पाण्याला कळतं का, हे आधी बघायला पाहिजे. मी नाही म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणतो."

भाऊ ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तो मुंबईला गेला आणि पुढं कितीतरी महिने आप्पांशी बोलला नाही. आई मला म्हणाली, "एक दिवस गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?" मलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ आला आणि होडीला, या वेळी वरच्या कडेपर्यंत, पुन्हा लेपाचा हात देऊन गेला. त्या श्रावणात नदी गावात शिरली.

पाणी दरवर्षी चढायचं, पण त्या वर्षी ते थांबेचना. आम्ही पोरंबाळं आणि धान्याची पोती घेऊन माळावरच्या शाळेत गेलो. गावच्या दोन मोठ्या नावा खालच्या वस्तीतली माणसं काढायला गेल्या होत्या. आमच्या शेजारचे काका सगळ्यांबरोबर शाळेत आलेले, पण दुपारी ते म्हैस सोडायला म्हणून परत गेले. गोठ्यात ती बांधलेलीच राहिली होती. तासाभरात त्या गल्लीत पाणी भरलं. काकी शाळेच्या पायरीवर उभी राहून हाका मारत होती. घाटावर उरली होती ती फक्त शर्यतीची होडी. दिरांनी ती काढली आणि आणखी तिघांना घेऊन ते गेले.

परत आले तेव्हा होडीत चौघंच होते.

काय झालं ते दिरांबरोबरच्या एकानं सांगितलं. काका गोठ्याच्या आढ्याला धरून होते. होडी जवळ गेल्यावर त्यांनी आढं सोडलं आणि होडीची कड धरली. दिरांनी त्यांचं मनगट धरलं. तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला, होडी गिरकी घेऊन फिरली आणि काकांचा हात कडेवरून निसटला. मनगटही निसटलं. पुढं ते दिसलेच नाहीत.

दीर भिंतीला टेकून बसले होते. अंगातून पाणी निथळत होतं. मी चहा नेला, तो त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. सारखे उजव्या हाताच्या तळव्याकडं बघत होते. एकदम म्हणाले, "त्या लेपानं केलं ह्ये."

कुणीतरी म्हणालं, "व्हय, कड नुसती बुळबुळीत झालीया." मग दुसऱ्यानं तेच म्हटलं. संध्याकाळपर्यंत ते शाळेच्या सगळ्या खोल्यांत पोचलं होतं. वर्षापूर्वी ज्या लेपानं गाव जिंकलं होतं, त्याच लेपानं आता माणूस गेला होता. चार दिवसांनी काकांचा देह खूप खाली, एका बाभळीत अडकलेला सापडला.

माझ्या नवऱ्यानं कारखान्यातून मुंबईला फोन करून भावाला कळवलं. रस्ते मोकळे झाल्या झाल्या तो आला. दाराशी पोचतो तोच दीर पुढं झाले.

"तुमच्या रंगानं माणूस मारला, पावणं. पाय धुऊ नका. आत येऊ नका."

मी मध्ये पडायला गेले तर नवऱ्यानं माझा दंड धरला. भावानं बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली. तो तसाच नदीवर गेला. होडी गाळात कलती पडली होती. एक पत्र्याचा तुकडा शोधून तो होडीच्या अंगावरचा लेप खरवडायला लागला. मी भाकरी घेऊन गेले, ती त्यानं बघितलीही नाही. बोटं सोलवटली होती.

दुपारी आप्पा आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या वयात, एसटी अजून सुरू झालेली नसताना, कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून गुडघाभर चिखलातून ते आले होते. मला वाटलं, आता हे म्हणणार, मी आधीच सांगितलं होतं. ते भावाजवळ गेले आणि त्याच्या हातातला पत्रा काढून घेतला.

"खरवडू नको."

"का?"

"लेपानं हात निसटला हे आपल्याला अजून माहीत नाही."

"सगळ्या गावाला माहीत आहे, आप्पा!"

"शर्यत जिंकली तेव्हाही सगळ्या गावाला माहीत होतं," आप्पा म्हणाले.

भाऊ गाळातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आप्पा त्याच्या शेजारी बसले. धोतर चिखलात गेलं, पण ते उठले नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला पाणी निवळलं. मधल्या काळात आप्पा दोनदा येऊन दिरांशी बोलून गेले होते. पहिल्या वेळी दिरांनी पाठ फिरवली. दुसऱ्या वेळी त्यांनी आप्पांचं ऐकून घेतलं, तेही मुख्यतः ते वयानं मोठे होते म्हणून. एकाच सुतारानं केलेल्या दोन सारख्या लहान नावा आप्पांनी शेजारच्या गावातून मागून आणल्या. एकीला कडेपर्यंत नेहमीसारखं डांबर, दुसरीला तसाच लेप. दोन्ही वजनाला सारख्या होईपर्यंत त्यांत दगड ठेवले. मग मोठ्या नावेच्या मागं एक लांब बांबू आडवा टांगला, असा की मधल्या दोरावर तो मोकळा फिरेल. बांबूच्या एका टोकाला एक नाव, दुसऱ्या टोकाला दुसरी.

"जिला पाणी जास्त अडवेल, ती मागं राहील आणि बांबू तिच्याकडं कलेल," आप्पांनी घाटावर जमलेल्यांना समजावून सांगितलं.

मोठी नाव वल्हवत नेली. बांबू सरळ राहिला. नावांच्या जागा बदलल्या, वर नेलं, खाली नेलं, आधी सावकाश, मग जोरात. तो किंचित इकडं व्हायचा, किंचित तिकडं. लेपाच्या बाजूनं म्हणून काही तो वळला नाही. भाऊ काठावर उभा राहून बघत होता. शेवटी त्यानंच मान हलवली आणि म्हणाला, "काही फरक नाही." ते त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

मग आप्पांनी सदरा काढला आणि पाण्यात उतरले. छातीभर पाण्यात उभं राहून त्यांनी लेपाच्या नावेची कड धरली आणि दोघांना नाव खस्सकन ओढायला लावली. हात निसटला. डांबराच्या नावेची कड धरली. तीही निसटली. पुन्हा पुन्हा केलं. ओल्या कडेला हात कुठंच धरत नव्हता.

घाटावरच्या सगळ्यांच्या नजरा दिरांकडं वळल्या. कारण लेप आरोपातून सुटला होता, भाऊ सुटला होता, मग उरलं होतं ते दिरांनी धरलेलं मनगट. दिरांनाही ते कळलं होतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. इतके दिवस ते भावाला का शिव्या देत होते, ते मला त्या क्षणी समजलं.

"तुम्ही नावेत बसा," आप्पा त्यांना म्हणाले. "माझं मनगट धरा आणि मला वर ओढा."

"नगं, गुरुजी."

"बसा की."

दीर बसले. त्यांनी आप्पांचं मनगट धरलं. आप्पा अंगानं किडकिडीत, आणि दीर म्हणजे पोतं उचलून खांद्यावर टाकणारा गडी. ओढायला लागले की नाव कलायची, पाणी आत यायचं, आणि ओलं मनगट मुठीतून सरकत जायचं. दुसरा हात लावला तरी तेच. शेवटी आप्पा पाण्यातच उभे राहिले.

"हे संथ पाणी आहे," ते म्हणाले. "माझे पाय तळाला टेकलेत. तिथं पूर होता."

दिरांनी मनगट सोडलं नाही. ते तसेच नावेच्या कडेवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागले. आप्पा पाण्यात कुडकुडत उभे होते, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही. मग माझा भाऊ कपड्यांनिशी पाण्यात शिरला आणि त्यानं दोघांना काठावर आणलं.

त्या दिवाळीत दीर आणि भाऊ दोघांनी मिळून गावच्या प्रत्येक नावेच्या दोन्ही कडांना दोर ओवले, मधे मधे हात अडकेल असे फास ठेवून. ते कुणाच्या डोक्यातून निघालं, मला माहीत नाही. लेपाचे उरलेले डबे भाऊ परत घेऊन गेला. कारखान्यात त्यानं साहेबांना काय सांगितलं तेही त्यानं कधी सांगितलं नाही. पुढं तो घरांना लावायच्या साध्या रंगांचंच काम बघायला लागला. आप्पांशी मात्र बोलायला लागला, आणि दोघांचे वाद पहिल्यापेक्षा जास्त रंगायचे.

त्या प्रयोगानंतर कोल्हापूरला परत जाण्याआधी आप्पा शेजारी गेले होते. मी बरोबर होते. काकी चुलीपुढं बसली होती. आप्पांनी तिला सगळं सांगितलं, बांबूचं, कडेचं, मनगटाचं. तिनं निखारे सारखे करत ऐकून घेतलं.

"मग चूक कुनाची?" तिनं विचारलं.

"लेपाची नाही. हिच्या दिरांची नाही. बाकी मला माहीत नाही, बाई."

"मला म्हाईत हाय," काकी म्हणाली. "म्हशीला सोडाया मीच म्हनलं हुतं त्यास्नी."

तिला कसं कळलं, हे आप्पांनी विचारलं नाही. ते तिच्या चुलीपुढं, जमिनीवरच, मांडी घालून बसले. तिनं भाकरी थापायला घेतली. आम्ही तिच्याकडं जेवूनच निघालो.