लोकरीला विटाळ नसतो

मी विणकाम हौसेनं शिकले असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. मी विणकाम रागानं शिकले. पहिला टाका सुईवर घेतला तेव्हा माझे दात आवळलेले होते, आणि तो बिनबाह्यांचा स्वेटर पुरा होईपर्यंत ते काही सैल पडले नाहीत.

लढाईची वर्षं होती. सांगलीला नदीजवळ भाड्याच्या घरात आम्ही राहत होतो: मी, हे, सासूबाई आणि आमचा दोन वर्षांचा मुलगा. मुलाची छाती जन्मापासून नाजूक. दिवाळी सरली की नदीवरचा गारठा घरात शिरायचा आणि त्याच्या छातीत घरघर सुरू व्हायची. मी त्याला दोन सदरे चढवून, कानाला टोपडं बांधून शेकत बसायची. पण महिन्यातले चार दिवस मला तेही करता येत नसे, कारण ते चार दिवस मी बाहेरची असायची. मागच्या पडवीत न्हाणीच्या भिंतीला लागून बसायचं. जवळ एक घोंगडी, एक तांब्या, एक ताट. मुलगा विचारायचा, आई तिकडे का? उत्तर ठरलेलं होतं. आईला कावळा शिवलाय.

बाजूला बसणं मला नवं नव्हतं. साताऱ्याला माहेरी आईही बसायची. पण माझा धाकटा भाऊ रांगत तिच्याकडे गेला तर त्याला कुणी अडवत नसे. फार तर आजी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची. सांगलीला आल्यावर मला नवाच नियम कळला. मुलानं आईकडे जायला हरकत नाही, पण जायचं ते उघड्या अंगानं. विटाळ म्हणे मुलाच्या अंगाला लागत नाही, त्याच्या सदऱ्याला लागतो. कातडीपेक्षा कापडाची काळजी जास्त! हा शोध ज्यानं कुणी लावला त्याला पौषातल्या पहाटे आमच्या पडवीत उघडा उभा करायला हवा होता.

मुलगा अजून अंगावर पीत होता. रडायला लागला की सासूबाई त्याला पडवीच्या उंबऱ्याशी आणायच्या. "हात वर कर बघू, शहाणा माझा!" असं म्हणायच्या, तो दोन्ही हात वर करायचा, आणि त्या सदरे ओढून काढायच्या. टोपडंही काढायच्या. मग तो गार फरशीवरून धावत माझ्याकडे यायचा. मी त्याला पदरात गुंडाळून घ्यायची, तेवढीच त्याला ऊब. परत नेताना वरून चार थेंब पाणी शिंपडायचं. आदल्या पौषात अशाच एका सकाळनंतर त्याची छाती भरली. वैद्य आले, म्हणाले, "पोराला गारठा कसा लागला?" घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पडवीतून मोठ्यानं सांगितलं, "सोवळ्यानं लागला!" वैद्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पुडी बांधून दिली.

ह्यांच्याशी बोलून पाहिलं. हे बाहेर चौकात स्वातंत्र्यावर तावातावानं बोलायचे, मित्र जमवायचे, इंग्रजाला धूळ चारायचे. घरात आले की आवाज बसायचा. "आईच्या मनाला लागेल," म्हणाले. "चार दिवसांचा तर प्रश्न." त्या दिवशी मला कळलं, इंग्रज एक वेळ जाईल, पण आमच्या घरातलं काही ह्यांच्या हातून हलायचं नाही.

वाट सापडली ती सासूबाईंच्याच तोंडून. त्या स्वयंपाकाला धाबळी नेसायच्या; जाडीभरडी, तपकिरी, अंगाला टोचणारी लोकरीची धाबळी. एकदा मुलगा अंगणातून आला आणि मातीच्या हातांनी त्यानं त्यांना मिठी मारली. मी म्हटलं, आता पुन्हा अंघोळ. पण त्या हसून म्हणाल्या, "असू दे गं. लोकरीला विटाळ नसतो." मी भाजी निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली. लोकरीला विटाळ नसतो! मग पोराच्या अंगावर लोकर असली तर?

लोकर बाजारात मिळत नव्हती. होती ती पलटणींसाठी जायची. साताऱ्याहून आईनं भावाचा जुना हिरवा मफलर पाठवला. तो उसवला तर लोकर कुरळ्या केसांसारखी निघाली. धुऊन, लडी करून, खाली तांब्या टांगून सरळ केली. बाह्यांपुरती लोकर नव्हतीच, आणि असती तरी बाह्या विणायची अक्कल मला कुठे होती!

शिकवणारी मिळाली शेजारी. परसातल्या बुटक्या भिंतीपलीकडे एक हवालदारीण राहायची. साताऱ्याकडचीच, नवरा लढाईवर. छावणीत राहून विणायला शिकली होती. तिनं बांबूच्या कामट्या काचेनं घासून मला सुया करून दिल्या. माझ्या त्या चार दिवसांत ती भिंत ओलांडून यायची आणि खुशाल माझ्या घोंगडीवर बसायची. विटाळाचं नाव काढलं तर म्हणायची, "मला काय हुतंय! मला कुठं द्येव वाट बघत बसलाय?"

तिनं सोपी रीत सांगितली. सगळे टाके सुलट घालायचे, दोन सरळ तुकडे विणायचे, खांद्याला आणि कुशीला जोडायचे, गळ्याला आणि हातांना जागा सोडायची. ऐकायला सोपं. मी टाके इतके आवळायची की पुढच्या ओळीला त्यात सुई शिरायची नाही. ती माझ्या हातातून काढून बघायची आणि म्हणायची, "आवं वैनी, राग कुणावर हाय? लोकरीवर कशापायी काढताय?" मी म्हणायची, ज्यांच्यावर आहे त्यांच्यावर काढता येत नाही म्हणून. मग ती लय हसायची. टाके गळायचे, मी उसवायची. एकदा तुकडा वर वर रुंद होत गेला, कारण प्रत्येक ओळीच्या टोकाला एक टाका नकळत वाढत होता. तोही उसवला. उसवताना माझ्या डोळ्यांना पाणी यायचं आणि त्याचाही मला राग यायचा.

लांबीवरून आमचं भांडण झालं. त्या वयाची पोरं खाली काही घालत नसत, म्हणून मी स्वेटर गुडघ्यापर्यंत न्यायचा ठरवला. हवालदारीण म्हणाली, "ह्यो स्वेटर हाय का झगा?" मी म्हटलं, काहीही म्हण, माझ्या पोराचं कमरेखालचं अंगही थंडीतच असतं. तेव्हा तिनं स्वतःच्या गाठोड्यातली थोडी लोकर आणून दिली. तीही कशीबशी पुरली. दोन्ही तुकडे झाले आणि लोकर संपली. मी डब्यातला काळा दोरा ओवला आणि खांदे, कुशी घट्ट शिवून टाकल्या.

मार्गशीर्षात पुन्हा बाजूला बसले. मुलगा उंबऱ्याशी आला तेव्हा मी स्वेटर पुढे टाकला आणि म्हटलं, "हा घाला त्याला आणि पाठवा. लोकरीचा आहे. लोकरीला विटाळ नसतो, तुम्हीच म्हणता."

सासूबाईंनी काठीनं तो ओढून घेतला. मग उचलला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ शिवण बघत राहिल्या. "ही शिवण सुताची आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "सुताला लागतो."

आणि त्यांनी मुलाला म्हटलं, "हात वर कर बघू."

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी लिहिणार नाही. इतके महिने सुलट घातलं, उसवलं, पुन्हा घातलं, आणि अडले कुठे तर बोटभर काळ्या दोऱ्यावर! त्यांच्या डोळ्यांत खोट नव्हती, खुन्नस नव्हती, हेच तर मला सहन होईना. त्या मला हरवत नव्हत्या, त्या फक्त नियम बघत होत्या. मुलगा उघडा माझ्याकडे आला, खोकला, आणि मी त्याच्या डोक्यावरून ओरडले, "मग धाबळीच्या दशा द्या! ती तर लोकर आहे ना? तिला तर माझा विटाळ होत नाही ना? द्या!"

मी त्यांच्यासमोर तोवर कधी आवाज चढवला नव्हता. हे आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. सासूबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत धाबळीच्या काठाचे तपकिरी धागे होते. एकेक करून ओढून काढलेले. त्यांनी ते वरूनच माझ्या घोंगडीवर सोडले आणि वळल्या.

काळा दोरा मी दातांनी तोडला. हिरव्या स्वेटरला तपकिरी शिवण घातली. वाकडीतिकडी, पण लोकरीची. दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी ती पुन्हा उलटून पाहिली, मान हलवली आणि स्वतःच्या हातानं स्वेटर मुलाच्या डोक्यातून घातला. गुडघ्याखाली आला होता. गळा जरा तंग झाला होता, पण अंग सगळं झाकलेलं होतं. "जा," त्या म्हणाल्या, "जा आईकडे."

मी हात पसरले. मुलगा उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात वर केले.

"अरे, राहू दे, लोकर आहे," सासूबाई म्हणाल्या. मीही म्हटलं, "ये राजा, तसाच ये." त्याला खरं वाटेना. आईकडे जायचं तर काढायचं असतं, एवढं त्याला पक्कं शिकवलेलं होतं. तो स्वतःच स्वेटर वर ओढायला लागला. तंग गळ्यात डोकं अडकलं आणि हिरव्या लोकरीच्या आतून तो रडायला लागला. सासूबाई त्याचे हात खाली धरायला गेल्या. शिवण लोकरीची होती, सगळं सोवळ्यात बसत होतं, आणि तो काही केल्या हात खाली घेईना.