पाच मिनिटांच्या कामाचा भाव

आधी चहा घ्या, मग हसा. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी तो भर दुकानात, लोकांदेखत आणि मन लावून पाडला!

तुम्हाला ठाऊकच आहे, घराची वायरिंग असेल तर आम्हा इलेक्ट्रिशियनांचा पॉइंटप्रमाणे, म्हणजे दिवे-पंखे-बटणं मोजून, भाव ठरतो, तिथं कोणी फारसं भांडत नाही. भांडण होतं ते बिघाड शोधायच्या कामात. सेवाग्रामला एका मास्तरांचा पंखा पाच मिनिटांत चालू करून दिला आणि दोनशे मागितले. मास्तर म्हणाले, "पाच मिन्टाचे दोनशे? एवढे आमाले नाई भेटत." आणि हातावर पन्नास टेकवले. ती पाच मिनिटं शिकायला माझं अर्धं आयुष्य गेलं, हे कोणाला सांगता? आपल्याकडे लोक डोक्याचे पैसे देत नाहीत, घामाचे देतात.

मग मीही ठरवलं, यापुढे घामच दाखवायचा.

नेमका ऐन मे महिन्यात सेठचा फोन आला. सेठ म्हणजे आपल्या वर्ध्यातले कापडवाले. पिपरी मेघेला त्यांचं दोन मजली घर उभं राहत होतं, आणि त्या घराच्या वायरिंगवर माझा कधीचा डोळा. ते काम मिळालं असतं तर कित्येक महिने दारोदार फिरणं बंद!

दुकानातली अर्धी लाइन गेली होती, कूलरसकट. मी मेन स्विच खाली पाडून बंद केला, बोर्ड उघडला, तर न्यूट्रलची वायर ढिली. ती घट्ट आवळली. झालं काम.

पण लगेच सांगितलं तर परत पन्नासच ना? म्हणून मेन तसाच खाली ठेवला आणि शिडीवर चढलो. चांगले बोर्ड खोलले. मेन बंद असताना टेस्टर लावून पाहिला, आता बोला! मधेच कपाळ पुसून, लफडं मोठं आहे म्हणालो.

तिकडे सेठ गल्ल्यावर घामानं निथळत होते. लग्नाच्या साड्या घ्यायला आलेली मंडळी उठून गेली. मला वाटलं, सेठना माझी मेहनत दिसून राहिली आहे. त्यांना दिसत होतं की याला काही येत नाही. त्यांनी गुपचूप नालवाडीच्या पंकजला बोलावलं. तोही इलेक्ट्रिशियन, माझ्यापेक्षा कितीतरी नवा.

पंकज आला, इकडेतिकडे पाहिलं, मेनपाशी गेला आणि खटका वर केला. दुकान लखलखलं, कूलर घुमू लागला.

"याले म्हणते कारागीर," सेठ म्हणाले आणि त्याला पाचशे दिले. पिपरीच्या घराचं कामही तिथल्या तिथं त्यालाच.

सेठना काय सांगायचं? बिघाड मीच काढला, आणि मग तुम्हाला तासभर उगाच उकडत ठेवलं, असं? शिडी उचलली आणि निघालो. आजही आठवलं की जीव जळतो.

आठवड्यानं पुन्हा सेठचा फोन.

"राजू, पिपरीच्या घरी पाइप टाकाले भिंती फोडा लागते. तुह्या हाताले टाइम लागते, म्हणून पॉइंटवर नाई, रोजीनं ठेवतो. पंकज सांगन तसं करजो."

असा संताप आला म्हणता! वाटलं फोन भिंतीवर आपटावा, सेठना सगळं खरं सांगून टाकावं.

म्हटलं, "किती वाजता येऊ?"