पेन्सिलीची फुली

चर्चचे पाळकसाहेब दिवसाला वीस-पंचवीस सह्या करत. नाल्याकाठच्या वस्तीत कुणाकडेच धड कागदपत्रं नव्हती. मुलाला शाळेत घालायचं असो की दवाखान्याचं कार्ड काढायचं असो, ‘या कुटुंबाला मी ओळखतो’ असं लिहून देणारा माणूस एकच. सकाळी पुढच्या खोलीतलं बाकडं भरलेलं असे. “आपल्या घरात दुधापेक्षा शाई जास्त लागते,” असं त्यांची बायको म्हणायची. तिला सगळे बाई म्हणत. कागद वाचायचं काम बाईंचं. वाचून झालं की सही करायच्या जागी त्या पेन्सिलीनं बारीकशी फुली मारत आणि गठ्ठा नवऱ्यापुढे सरकवत. पाळक न वाचताच सह्या करत. “तू वाचलंस ना? मग देवानं वाचलं.”

तेवीस वर्षं हे असंच चाललं. पाण्याच्या नळासाठी ते नगरपालिकेच्या पायऱ्यांवर रिकामी बादली घेऊन अकरा दिवस बसले होते. वस्ती पाडायला पहिल्यांदा यंत्र आलं, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे खुर्ची टाकली आणि पेपर उघडला. अधिकारी म्हणाला, “साहेब, उठा.” हे म्हणाले, “संपला की उठतो.” रविवारचा जाडजूड पेपर होता. दुपारी यंत्र परत गेलं. पुढे वस्तीनं कोर्टात दावा लावला, तेव्हा आपला प्रतिनिधी म्हणून सगळ्यांनी त्यांचंच नाव दिलं.

मग त्यांचं डोकं साथ देईना. एका अंत्यविधीला त्यांनी मेलेल्या माणसाच्याच बायकोला विचारलं, “दादा नाही आले?” बाईंनी वेळ मारून नेली, रात्रभर झोप नाही त्यांना, म्हणाल्या. त्यानंतर दर रविवारी त्या पहिल्या बाकावर प्रवचनाचा कागद मांडीवर घेऊन बसत आणि नवरा अडखळला की ओठ हलवून शब्द पुरवत. चर्चच्या मंडळीतल्या पंचांना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. राहतं घर चर्चचं होतं. पाळकाचं काम गेलं की घरही जाणार.

गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेचा माणूस चार कागद घेऊन आला. पहिले तीन रहिवाशांचे दाखले होते. चौथा हातात घेतला तोच आत पाळक नळ उघडा टाकून उभे राहिलेले, पाणी दारापर्यंत आलेलं. बाईंनी न वाचता फुली मारली आणि त्या फडकं घेऊन धावल्या. नंतर पाळकांनी नेहमीसारख्या चारही कागदांवर सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशी टपालानं त्या चौथ्या कागदाची प्रत आली. जागा सोडायला वस्तीची संमती आहे, खाली प्रतिनिधीची सही. बाईंनी तो दोनदा वाचला. वकिलाकडे जायचं तर नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही हे सांगावं लागणार. उद्या जाऊ, असं म्हणत पाच दिवस तो कागद कपाटात चादरींच्या खाली राहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्रं आली. खिडकीतून धुळीचा लोट बघत पाळकांनी विचारलं, “कुणाचं घर बांधतायत गं?”

पाळक फुटले, असंच वस्तीनं धरलं. विचारायला कुणी आलं नाही. चार महिन्यांनी ते गेले, तेव्हा माती द्यायलाही कुणी आलं नाही.

शोकसभेच्या आधी मंडळीच्या चिटणिसांनी बाईंना बाजूला घेतलं. “वहिनी, जीवनवृत्तांतात वस्तीचं काही घातलेलं नाही. गेलेल्या माणसाची शोभा नको.”

“ती झालीच आहे, भाऊ.”

चिटणीस वाचू लागले. जन्म, शिक्षण, दीक्षा, सेवा. मागच्या दाराशी वस्तीतली सात-आठ माणसं उभी होती. पुढे शिंपीण, नळाशेजारचं पहिलं घर तिचं होतं. कुणीतरी तिला बसायला सांगितलं. “बसायला नाही आलो. काय काय खोटं सांगताय ते ऐकायला आलोय,” ती म्हणाली.

बाई उठल्या.

“त्यांना शेवटची दोन वर्षं काही आठवत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी लपवलं. तो कागदही मीच त्यांच्यापुढे ठेवला, न वाचता. ते फुटले नव्हते.”

चिटणिसांचा हात कागदावर तसाच राहिला. कुणीतरी हळहळलं. “चूक माणसाकडूनच होते, बाई,” पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली. बाईंना तिथंच खाली बसता आलं असतं.

पण शिंपिणीनं विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

यंत्रं आली त्या दिवशी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. प्रत आल्याचं टपालवाल्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

“सही झाल्यावर तिसऱ्या दिवशी.”

“म्हणजे अजून पाच दिवस होते.”

“हो.”

“पाच दिवसांत वकिलानं कोर्ट हलवलं असतं.” शिंपिणीचा आवाज चढला नाही. “आणि साहेबांचं म्हणाल, तर आम्हाला सांगायचं होतं ना. घर गेलं असतं तुमचं, तर आमच्यात आला असतात. आळीपाळीनं बघितलं असतं त्यांना. त्यांनी काय कमी बघितलं आमचं?”



शिंपीण मागे वळून आपल्या माणसांना म्हणाली, “चला, साहेबांना भेटून घेऊ.”

ते मधल्या वाटेनं एकामागे एक आले. पाळकांच्या फोटोपुढे प्रत्येक जण थांबला. एका थोराड माणसानं तोंडावर रुमाल धरला आणि तो हुंदके देऊ लागला. बाई वाटेच्या कडेलाच उभ्या होत्या, त्यांच्या पदराला घासून ती माणसं गेली आणि आली. एकानंही त्यांच्याकडे बघितलं नाही.

“वहिनी, बसा आता,” चिटणीस पुटपुटले.

शेवटचा माणूस दाराबाहेर पडेपर्यंत त्या उभ्याच होत्या.